रूथबाईंना परत आणायला मुंबईला गेलो त्याची हकीकत

पाळकसाहेब म्हणाले, याकोबकाका, मुंबईला जाऊन आलात, तर मंडळीच्या पत्रिकेत चार पानं लिहा, ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांना कळेल. मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर गवंड्याची थापी हातात धरली. लेखणी धरली ती पंचकमिटीच्या वहीत सही करण्यापुरती. तरी लिहितो. कारण जे सांगायचं आहे ते उपासनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला माझी छाती होत नाही.

आपली पत्रिका बाहेरगावीही जाते म्हणून आधी थोडं सांगतो. आमची वाडी नगरकडची. वाडीत मिशनची शाळा आहे. माझा बाप त्या शाळेत दुसरीपर्यंत शिकला आणि मी चौथीपर्यंत. आता पोरं थोडी राहिली. हेडमास्तर निवृत्त झाले. जूनच्या आत चांगलं माणूस मिळालं नाही तर शाळेला कुलूप लागणार, असं वरून कळवलं आहे. तेव्हा सगळ्यांना रूथबाईंची आठवण झाली. रूथबाई वाडीच्याच. अकरा वर्षांपूर्वी इथंच शिकवत होत्या. आता परळला एका मिशनच्या शाळेत आहेत आणि त्यांच्या शिकवण्याचं नाव झालं आहे.

बोलवायला जाणार कोण, यावर पंचकमिटीत सगळे वहीत बघायला लागले. महिला मंडळाच्या बाया बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. त्यातली एक आत वाकून म्हणाली, "ज्यानं घालवली त्यानंच आणावी." ते माझ्यावर होतं, आणि खोटं नव्हतं.

तेव्हा झालं असं. दर पावसाळ्यात वाडीत कावीळ यायची. रूथनं पोरांना वाडीचा नकाशा काढायला लावला आणि ज्या घरी कावीळ त्या घरावर ठिपका. पोरं घरोघर जाऊन विचारायला लागली. मी मंडळीचा पंच, शाळा समितीचा सेक्रेटरी. मला राग आला. उपासना सुटल्यावर भर मंडळीत मी तिला उभी केली आणि म्हणलं, "शाळा देवाचं वचन शिकवायला आहे. आजार देव देतो आणि देव नेतो. पोरांना लोकांची घरं मोजायला लावू नको." ती रडली नाही. कागदाची गुंडाळी केली आणि गेली. पुढच्या जूनला ती वाडीत नव्हती.

माझी बायको मार्था त्या दिवशी माझ्याशी बोलायची थांबली. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पण शब्द नाही. असे आठ दिवस. मार्थाला जाऊन आता दोन पावसाळे झाले. ती काविळीनंच गेली.

दादर

एसटीनं सकाळी दादरला उतरलो. मार्थाचा धाकटा भाऊ सायमन घ्यायला आला होता. तो परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता, आता घरीच असतो. मला लांबूनच ओळखून म्हणाला, "काय दाजी, जिवंत आहात की."

मी म्हणलं, "तुझी बहीण न्यायला येत नाही, काय करू."

मला बोलता येत नाही ते असं. त्याला हसवायचं होतं आणि मी त्याचं तोंड उतरवलं.

दादरला पुलाखाली फुलबाजार आहे तो त्यानं दाखवला. आपल्याकडं फुलं लागतात लग्नाला, नाताळाला आणि मयताला. इथं फुलांचे ढीग, जसे आपल्याकडं कांद्याचे. माणसं झेंडूच्या पोत्यांवर बसून चहा पितात. चहासुद्धा अर्धा पेला, त्याला कटिंग म्हणतात. मी पूर्ण मागितला तर पोऱ्यानं दोन अर्धे पेले आणून ठेवले. सायमन म्हणाला, "मुंबईत पूर्ण काही मिळत नाही दाजी, जोडून घ्यायचं."

एका बाईकडं पांढरी शेवंती होती. मार्थाच्या पेटीवर पांढरी शेवंतीच होती. मी भाव विचारला आणि न घेता पुढं गेलो. ती बाई मागून काहीतरी पुटपुटली. बरोबरच होतं तिचं.

लालबाग

सायमनची खोली लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली मसाल्याची गल्ली. डंकावर मिरची कुटतात, त्याची धूळ अशी उडते की माझ्या नाकाडोळ्याला धार लागली. गल्ली संपेपर्यंत बावीस-तेवीस शिंका आल्या असतील. दुकानातल्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "बाबा, रडू नका, मिरची स्वस्त होईल."

चाळ बघून माझ्यातला गवंडी जागा झाला. तुळया सागवानी, जुन्या, अजून सरळ. पण संडासाच्या बाजूच्या भिंतीला लोणा चढला होता, आणि त्यावर कोणीतरी नुसता रंग मारला होता. मी सायमनला म्हणलं, "रंग मारून ओल जात नाही. पाणी कुठून येतंय ते शोधा, मग भिंतीला हात लावा."

तो म्हणाला, "उद्या शाळेत हेच सांगा. रूथबाई खूश होतील."

सायमनच्या बायकोनं, एस्तेरनं, बोंबलाची आमटी आणि भात केला होता. आम्ही भाकरी-मटणाची माणसं. मासा खाताना काटा अडकला. एस्तेरनं भाताचा गोळा गिळायला लावला, पाठीवर थापट्या मारल्या. काटा गेला, पण घसा दोन दिवस दुखला. जेवण झाल्यावर मी तिच्या माठातलं पाणी घेतलं तर ती म्हणाली, "ते नका घेऊ दाजी, हे घ्या, उकळलेलं आहे."

मी मुकाट्यानं घेतलं. घरी मी असा मुकाट्यानं कधी प्यायलो नाही. रूथ गेल्यावर मार्थानं पाणी उकळायला सुरुवात केली होती. चुलीवरच्या पाण्याला धुराचा वास यायचा. मी ओरडायचो, माझ्या आजानं याच विहिरीचं पाणी प्यायलं आणि नव्वद वर्षं जगला. दोन महिने तिनं ऐकून घेतलं. मग उकळणं सोडलं. मला लहानपणी कावीळ होऊन गेली होती, म्हणतात की ती परत धरत नाही. तिला झालेली नव्हती.

परळ

शाळा दगडी आहे, जुन्या गोऱ्या साहेबांच्या वेळची. जोतं छातीइतकं उंच. आत गेलो तर मला वाटलं सुट्टी चालू आहे, इतका गलका. मिशनची शाळा म्हणजे आपल्याकडं हाताची घडी, तोंडावर बोट, आणि वचन पाठ. इथं सहावीच्या वर्गात पोरं जमिनीवर मोठा कागद पसरून त्यावर पालथी पडली होती. ख्रिस्ती पोरं थोडी, हिंदू जास्त, मुसलमानही होती. रूथ त्यांच्यात गुडघ्यावर बसली होती.

मला पाहून ती उठली. कपाळाच्या वर केस पांढरे झाले आहेत. "जय ख्रिस्त, काका," म्हणाली. "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

वाडीत मी तिला एकेरीनं हाक मारायचो, पोरी म्हणायचो. तिच्या वर्गात उभं राहिल्यावर तोंडातून आलं, "तुमच्याकडंच आलोय." ती जरा हसली. मला वाटलं काम झालं. दम निघेना, लगेच म्हणून टाकलं, "तुम्हाला न्यायला आलोय. शाळा बंद पडतेय."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "दोन दिवस थांबा. आधी आमचं काम बघा, मग बोलू."

त्या कागदावर रस्ते होते, गटारं होती, बाणच बाण. हिंदमाताला पावसाळ्यात पाणी तुंबतं, ते का, हे पोरं शोधत होती. आणि तास होता धर्मशिक्षणाचा. मी म्हणलं, "देवाच्या तासाला गटार कशाला?"

कागदाच्या कडेला बसलेली एक पोरगी, सानिका नाव, दोन वेण्या, दात पुढं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजोबा, पाणी आमच्या घरात येतं. देवाच्या घरात येत नाही, ते उंचावर आहे."

वर्ग हसला. रूथ रागावली नाही. आमच्या वेळी मास्तरांनी छडीच काढली असती. रूथनं मला सांगितलं की या तासाला ती आधी प्रार्थना घेते. मग गोष्ट सांगते, कोणी उपाशी होता, कोणी वाटेवर जखमी पडला होता. मग पोरांना म्हणते, असा आपल्या रस्त्यावर कोण आहे? तो तसा का झाला? त्याच्या मागं काय आहे, आणि त्याच्याही मागं काय? आणि आता आपल्याला काय सांगणं आहे?

मी म्हणलं, "इतकं विचारलं तर विश्वास राहतो का?"

ती म्हणाली, "काका, विश्वास आहे म्हणून विचारते. ज्याला वाटतं पलीकडं कोणी नाहीच, तो कशाला दार वाजवेल?"

मला ते आवडलं नाही.

हिंदमाता

दुसऱ्या दिवशी वर्ग बाहेर निघाला. परळवरून हिंदमातापर्यंत चालत. दोन-दोनच्या जोड्या, माझी जोडी सानिकाबरोबर लावली. ती मला सांभाळत होती की मी तिला, ते कळलं नाही. दर चौकात माझी बाही ओढायची. "आजोबा, सिग्नल बघा, तुमचं गाव नाही हे."

हिंदमाता म्हणजे कापडाच्या दुकानांची जागा. साड्या, खण, लग्नाचे बस्ते. मार्था म्हणायची, एकदा हिंदमाताला जाऊन साडी घ्यायची. मी म्हणायचो, नगरला साड्या मिळत नाहीत काय. दुकानं बघत चालताना मला तेच वाक्य माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

पोरं मात्र साड्या बघत नव्हती. दुकानांच्या पायऱ्या बघत होती. एका दुकानापुढं रूथ थांबली आणि शेठला विचारलं, मुलांनी पायऱ्या पाहिल्या तर चालेल का. शेठ भला माणूस. म्हणाला, "बघा ना टीचर, पायऱ्याच वाढल्यात, धंदा कुठं वाढला."

पाच पायऱ्या होत्या. पोरांनी मला पुढं केलं, हे आजोबा गवंडी आहेत म्हणून. मी बसून हात फिरवला. खालच्या दोन काळ्या दगडाच्या, झिजलेल्या, जुन्या. मधल्या दोन फरशीच्या, सांधा वेगळा. सगळ्यात वरची चकचकीत, तिचं सिमेंट अजून पांढरंच होतं. मी सांगितलं, ह्या पायऱ्या तीन वेळा तीन जणांनी बांधल्या आहेत, आणि दर वेळी उंची वाढवली आहे. शेठ म्हणाला, "बरोबर ओळखलंत. पाणी वर आलं की आम्ही पण वर. काय करणार?"

पोरं वहीत लिहीत होती. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी माझ्या हातातली विद्या कोणीतरी विचारली होती.

मग सानिका म्हणाली, "आजोबा, शेठनी पायरी वाढवली तर पाणी कुठं जातं?"

"जिथं पायरी नाही तिथं," मी म्हणलं. गवंडी दुसरं काय सांगणार. पाणी उताराकडं जातं.

"मग तिथं जाऊया," ती म्हणाली.

मागच्या गल्लीत तळमजल्याच्या खोल्या आहेत. एक म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. रूथची तिच्याशी ओळख असावी. तिनं आम्हाला आत घेतलं. भिंतीवर पाण्याच्या रेघा होत्या, एकीवर एक. पावसाळ्यात ती गाद्या छताच्या तुळईला बांधते. म्हणाली, "आधी घोट्याइतकं यायचं. मग गुडघ्याइतकं. आता कमरेपर्यंत येतं. देवाची मर्जी."

हा शब्द मी वाडीत किती वेळा वापरला असेल. तिच्या तोंडून ऐकला आणि मला राग आला. तिचा नाही. मला म्हणावंसं वाटलं, आजी, देवाची मर्जी नाही ही, पलीकडं पाच पायऱ्या आहेत.

बाहेर आल्यावर एक पोरगा म्हणाला, "टीचर, चूक शेठची."

रूथ म्हणाली, "शेठनं वाईट केलं का?"

"नाही. स्वतःचं दुकान वाचवलं."

"सगळ्या दुकानांनी तेच केलं."

"हो."

"मग आजीच्या घरात पाणी कोणी आणलं?"

पोरं मागं वळून दुकानांकडं बघायला लागली. मी जन्मभर लोकांचे ओटे उंच करून दिले. कोणाचं पाणी कुठं गेलं, वळून पाहिलं नाही.

शाळेत परत आल्यावर सगळे कागदाभोवती बसले, बाणांत नवे बाण आले. मला खुर्ची दिली होती. सानिकानं पेन्सिलीचं टोक चावत विचारलं, "आजोबा, तुम्ही गवंडी आहात ना. तुम्ही कधी कोणाचं पाणी कोणाकडं पाठवलंय?"

तिनं सहज विचारलं. पोरांना वाटलं असेल आजोबा एखादी गंमत सांगतील.

मी सांगितलं. आता इथंही लिहितो, कारण आपल्यातल्या काहींना ते माहीत आहे आणि काहींना नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी माझ्यासारखंच तोंड शिवलं आहे.

शाळेचे संडास बांधून पंधरा वर्षं झाली. मी बांधले. आपली जागा उताराची आहे. वर शाळा, मधे विहीर, खाली दफनभूमी. शोषखड्डा विहिरीच्या खाली घ्यायला हवा होता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण खाली आपली माणसं पुरलेली. पंचकमिटीत मीच उठून म्हणालो होतो, आपल्या पूर्वजांच्या उशाशी घाण नको. सगळ्यांनी माना हलवल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं एका-दोघांच्या. मग खड्डा वर घेतला, विहिरीपासून वीस पावलांवर. काळा खडक आहे, झिरपत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या पावसाळ्यापासून कावीळ आली. मेलेल्यांचा मान राखला आणि जित्यांना ते पाणी पाजलं.

रूथ खाली मान घालून ऐकत होती. तिनं ठिपके लावले तेव्हा सगळे ठिपके त्या विहिरीवर भरणाऱ्या घरांचे होते. मी कागद पाहिला होता. म्हणून तर मला इतका राग आला होता. देवाचं नाव मी त्यासाठी घेतलं.

सानिकानं विचारलं, "मग आता तो खड्डा कुठंय?"

"तिथंच."

"अजून?"

"अजून."

"आजोबा, मग तुम्ही इथं काय करताय?"

रूथ म्हणाली, "सानिका."

"नाही टीचर, मी खरंच विचारते."

तास संपताना प्रार्थना झाली. आपल्याकडं पाळक प्रार्थना करतात, बाकीचे आमेन म्हणतात. इथं ज्याला वाटेल तो पोर बोलतो. एक बारकं पोरगं म्हणालं, देवा, पाणी कुठून येतं ते आम्हाला कळलं, आता कोणाला सांगायचं ते सांग. मी साठ वर्षं प्रार्थना करतोय, मी असं कधी मागितलं नाही. मी मागायचो की आमचं रक्षण कर. ते त्यानं कसं करायचं होतं, विहीर उचलून दुसरीकडं ठेवून?

गिरगाव

शनिवारी रूथनं गिरगावला जेवायला बोलावलं. ती तिथं एका वाडीत राहते. वाडी म्हणजे आपल्यासारखी नाही, मुंबईत दोन बाजूंना चाळी आणि मधे फरसबंद अंगण, त्याला वाडी म्हणतात. अंगणात एक बाई पापड वाळवत होती आणि दोन म्हातारे पेपरावरून भांडत होते. तिचा नवरा कामावर गेला होता. तिनं बाजरीची भाकरी केली होती, माझ्यासाठी. पीठ कुठून मिळवलं विचारलं तर म्हणाली, "दादरला मिळतं सगळं. फक्त चुलीची चव येत नाही."

हात धुतल्यावर मी म्हणलं, "मी चुकलो. भर मंडळीत बोललो होतो, भर मंडळीत माफी मागतो. पण चला. पोरं वाऱ्यावर पडतील."

तिनं भांडी आवरली. मग समोर येऊन बसली.

"काका, मार्थामावशी मला फोन करायच्या, माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

"दर पावसाळ्यात. कोणाकडं कावीळ झाली ते सांगायच्या. घर, माणूस, पाणी कुठून भरतात. मी कागदावर लावायचे. नऊ वर्षं."

"मला बोलली नाही कधी."

"मी म्हणायचे, काकांना सांगा. त्या म्हणायच्या, नको गं, ते लगेच देवाला मधे आणतात."

खाली कोणीतरी पापड उलटे कर म्हणून ओरडत होतं. मी विचारलं, "शेवटचा ठिपका कोणाचा?"

"तुमच्या घराचा. त्यांनीच सांगितला. म्हणाल्या, रूथ, आज आमच्या घरावर लाव."

मार्था गेली तेव्हा लोक म्हणाले, किती शांतपणे गेली. मलाही तसंच वाटलं होतं. ती शांत नव्हती. माझ्याशी बोलून काही उपयोग नाही हे तिला कळलं होतं, इतकंच.

रूथ म्हणाली, नकाशा काढला त्या वेळी तिनं स्वतः ग्रामपंचायतीला विहिरीबद्दल अर्जही लिहिला होता. शाळेच्या शिक्क्याशिवाय घेतला नाही. शिक्का माझ्या पेटीत होता. मला तो अर्ज आठवतो. मी म्हणालो होतो, नंतर बघू.

मी परत विचारलं, "मग येता ना?"

"नाही, काका."

"माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं तेव्हा गेले. आता इथली पोरं आहेत, हा वर्ग आहे. आणि मी येऊन करू काय? पोरांना विचारायला शिकवेन आणि विचारलं की मोठी माणसं त्यांना गप्प बसवतील. बाई आणून शाळा होत नाही. आधी तुम्ही मोठ्यांनी एक प्रश्न ऐकून दाखवा. मग वाडीतली कोणतीही शिकलेली पोरगी माझ्याकडं महिनाभर पाठवा, मी तयार करून देते. राहायला इथं जागा आहे."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मी पाया पडून मनवलं असतं. मला निघताना तिनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि अंगणाच्या कमानीपर्यंत आली. म्हणाली, "मावशींच्या मयताला मी यायला हवं होतं. तुमचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून आले नाही. ते माझं चुकलं."

मी म्हणलं, "ते तुमचं नाही चुकलं."

परत आल्यावर

सायमननं दादरला एसटीत बसवलं. म्हणाला, "दाजी, मोकळ्या हातानं चाललात." मी त्याला मार्थाच्या फोनबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. माझ्या फोनवरूनच ती पहिल्यांदा बोलली होती." सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. मी विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही.

तर मंडळी, मी बाईंना आणू शकलो नाही. शाळा राहील की जाईल ते आता तुमच्यावर आहे. ज्यांच्या मुली डी.एड. झाल्या आहेत त्यांनी एकीला परळला पाठवावं, तिकिटाचं मी बघतो. आणि ती परत येऊन पोरांना घरोघर विचारायला पाठवेल तेव्हा दार लावून घेऊ नका. मी लावलं होतं.

पत्रिका तुमच्या हातात पडेल तोवर मी वरचा खड्डा उपसून बुजवायला घेतलेला असेल. कोणाची परवानगी मागितलेली नाही. तोवर संडासाला कुलूप राहील, पोरांनी समाजमंदिराचे वापरावेत. विहिरीचं पाणी कोणी उकळल्याशिवाय पिऊ नका, धुराचा वास आला तरी. नवा खड्डा दफनभूमीच्या पलीकडं, ओढ्याच्या अलीकडं घ्यावा लागेल. तिथवर पाइप नेण्यासाठी मी पाणी भरलेल्या नळीनं उतार तीनदा मोजून काढला. पाइप दफनभूमीतूनच जातो, दुसरीकडून उतार मिळत नाही. कोणाच्या कबरीला धक्का लागत नाही. फक्त मार्थाच्या शेजारची जागा जाते, जी मी माझ्यासाठी विटा लावून राखली होती. विटा मी काल काढल्या. पंचांनी त्यावर वाद घालू नये. मला कुठंही पुरा, फक्त विहिरीच्या वरच्या अंगाला नको.